माहेरचा दगड न्यायला आलेला साळा

माझ्या साळ्यासारखा येडा माणूस अख्ख्या दर्यापूर तालुक्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तोही त्याच्याच गावचा असेल. त्याच्या गावात जुनी दगडी गढी आहे. म्हणजे उरलेला अर्धा बुरूज, बिनछताची घोड्यांची पागा आणि एक कोठार, ज्यात आता बकऱ्या राहतात. याचा पंजोबा त्या पागेत लीद उचलायचा, पण हा चालतो असा की गढी याच्या बापानंच बांधली. एकदा पोरं बुरुजाला टेकून फोटो काढत होती, तर हा धावला, "बुढ्याले टेकता कावून बे? त्याले कोन टेकू देईन?"

ही गढी पडली ती पोरी देऊन देऊन. आमच्या काळ्या मातीत दगड औषधालाही सापडत नाही, म्हणून त्या गावचा बाप पोरगी सासरी पाठवताना बैलबंडीत गढीचा एक दगड टाकायचा, धुणं धुवायला. आता साळ्याला बुरूज पुन्हा उभा करायचा आहे. मालवाहू ऑटो घेऊन तो गावच्या लेकींच्या दारोदार फिरतो. बाकीच्यांचे भाऊ लुगडं घेऊन येतात, हा दगड घेऊन जातो. फुटका, चिरलेला, शेणात बरबटलेला, काही सोडत नाही. आमच्याकडे दर दिवाळीला यायचा. आमची म्हातारी, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणायची, "मी हाओ तवर हात लावशीन, त याच दगडावर धोपटीन तुले!"

ती या उन्हाळ्यात गेली. आता मी त्या दगडावर माझं धोतर घासतो, मळ काही निघत नाही. परवा दारात ऑटो थांबला. मी जाऊन दगडावरच बसलो.

"नेतं त मले संग ने," म्हटलं.

"उठा भाटवे. बाई सोताच म्हने ना, मी हाओ तवर."

माझ्या तोंडून शिवी निघाली, तीही अर्धीच. उठलो.

तो वाकला. दगड मधोमध बशीसारखा खोलगट झाला होता. त्यानं त्यात हात ठेवला आणि बराच वेळ काही उचललंच नाही, ना हात, ना दगड.

"हा नाही चालत बुरुजाले," शेवटी म्हणाला. "घसलेला हाय."

"चहा घेतं?"

"कोन करीन?"

"मी."

"मंग नको."

रिकामा ऑटो निघाला. ड्रायव्हरजवळची जागा सोडून तो मागं, दगड ठेवायचा तिथं बसला होता, आमच्या घराकडे तोंड करून.