‘अजून एकदा, मॅडम’

तांबोळींचं आणि माझं शेवटचं बोलणं मी अर्ध्यावर तोडलं. ‘तुमच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही’ असं म्हणून फोन ठेवून दिला. तो सोमवार. गुरुवारी सकाळी मी वर्गावर निघाले होते, तेवढ्यात ऑफिसातल्या शिपायानं जिन्यात गाठलं. “मॅडम, स्टुडिओचे तांबोळी सर गेले. दौंडहून यस्टी धरायला निघाले व्हते, दारातच कोसळले म्हणं.” खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, चीड आली. या माणसानं भांडणसुद्धा पुरं होऊ दिलं नाही... आज दीड महिना झाला. चीड तशीच आहे, फक्त ती काढायला समोर माणूस नाही.

मुश्ताक तांबोळी दौंडचे. आधी लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचे. नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा आमच्या शिरूरच्या कॉलेजात मल्टिमीडिया स्टुडिओ आला. दोन कॉम्प्युटर, एक कॅमेरा, मिक्सर, भिंतींना करडा फोम, खाली जाड गालिचा. ते सगळं सांभाळायला हा माणूस नेमला. रोज दौंडहून एसटीनं यायचा आणि आल्या आल्या सगळ्यांना वैताग द्यायला सुरुवात करायचा. चपला बाहेर. चहा बाहेर. ऐन मे महिन्यात पंखा बंद, का तर त्याची घरघर माइकमध्ये येते. आम्ही घामानं निथळत असायचो आणि हे कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेले. मग हात वर करायचे आणि म्हणायचे, “अजून एकदा, मॅडम.” काय चुकलं ते धड सांगायचे नाहीत. “चुकलं न्हाई. पण खरं बी वाटत न्हाई.” मी मराठीची प्राध्यापक. खरं काय नि खोटं काय ते हा लग्नाचा शूटिंगवाला मला शिकवणार!

पण त्यांच्याशिवाय माझं चालणार नव्हतं. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमचा विभाग एक सीडी करत होता. पडद्यावर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा नकाशा, आणि गावाच्या नावावर क्लिक केलं की त्या गावच्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज, त्याच्या बोलीत. मुलं हौसेनं माणसं घेऊन यायची. पाटसचे साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक मामा आले, घोड नदीकाठच्या दोन आज्या आल्या. पण गंमत अशी की गावात तासन् तास बडबडणारी ही माणसं माइक दिसला की एकदम ‘आमच्या गावाची लोकसंख्या’ वगैरे बोलू लागायची. तांबोळी कपाळाला हात लावायचे. “माइक बघितला की मानूस मामलेदाराच्या कचेरीत गेल्यावानी बोलतो, मॅडम. हे घेऊन काय करायचं?” मुदत महिन्यावर आलेली, आणि ह्यांचं आपलं ‘अजून एकदा’ चालूच.

शेवटी कवठे येमाईहून मी माझ्या वडिलांनाच आणलं. आबा म्हणजे शेतकरी माणूस, बोलघेवडा, पारावर बसले की दहा माणसं गोळा व्हायची. म्हटलं, इथे तरी अडणार नाही. पण आबांनी माइकसमोर मान ताठ केली आणि सुरू केलं, “कवठे येमाई हे आमचे गाव असून...” तांबोळींनी हात वर केला. पुन्हा ‘हे आमचे गाव असून’. पुन्हा हात वर. असं अकरा वेळा झालं. अकराव्या वेळी आबा उखडले, “ओ साहेब, गाव बदलू काय मी आता?” माझाही ताबा सुटला. सत्तरी उलटलेल्या माणसाला असं छळतात का, असं काहीतरी मी बोलले आणि तास होता म्हणून तणतणत निघून गेले. तासाभरानं परत आले तर दोघं गालिच्यावर मांडी घालून गप्प बसलेले. तांबोळी म्हणाले, “झालं मॅडम. पयला टेक बरा हाय, तोच घेतो.” मला वाटलं, आपल्या ओरडण्याचा परिणाम झाला. मनातून बरंही वाटलं.

सीडी सोमवारी पुण्याला पोचवायची होती. शनिवारी फक्त बर्न करायचं काम उरलेलं. आणि शनिवारी तांबोळी आलेच नाहीत. स्टुडिओला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे, फोन लागत नाही. रविवार आणि सोमवारही तसेच गेले. दारासमोर मुलं पायरीवर बसून राहिली, आणि मुदत संपली. मंगळवारी ते उगवले तेव्हा मी पोरांसमोर, कॉरिडॉरमध्ये, त्यांना नको नको ते बोलले. वर्षभराची पोरांची मेहनत तुम्ही मातीत घातलीत, तुम्हाला लग्नंच शूट करायची अक्कल आहे, असंही बोलले. ते मान खाली घालून उभे. “चुकलं, मॅडम.” कारण विचारलं तर पुन्हा तेच, “चुकलं.” एक थाप तरी मारायची होती! पोरगी आजारी, एसटी बंद... काहीही. मी त्यानंतर चार महिने त्यांच्याशी बोलले नाही.

कारण कळलं ते सुमनअक्काकडून. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. सणसवाडीत राहते, कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या बाहेरगावच्या मुलांना जेवणाचे डबे देते. दिवाळीला गेले तर तिच्या घरात आबांचं धोतर वाळत घातलेलं! आबा आणि अक्काच्या घरी? तिच्या लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, आबा तिच्या दारचं पाणी प्याले नव्हते. भांडण असं नव्हतं. तिनं बोलावलं नाही, ते गेले नाहीत, एवढंच. “तुझ्या कॉलेजातल्या उंच सरांनी आणलं आबांना,” अक्का म्हणाली. “आता तिसऱ्यांदा राहायला आलेत.”

झालं होतं ते असं. मी तासाला गेल्यावर तांबोळींनी समोरचा मोठा माइक बाजूला केला आणि आबांशी नुसत्या गप्पा मारत बसले. आबांच्या सदऱ्याला लावलेला छोटा माइक काढायचं मात्र दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही, आणि त्याला जोडलेलं रेकॉर्डिंगचं छोटं मशीन चालूच होतं. तांबोळींनी विचारलं, आबा, लेकरं किती? आबा काय बोलले ते अक्काला शब्दन् शब्द पाठ होतं. रोट्यांचं पीठ मळता मळता तिनं मला ते आबांच्याच सुरात म्हणून दाखवलं. “दोन पोरी. ही धाकटी मास्तरीण. पण खरं सांगू का, डोकं थोरलीचं. सातवीत पयली आलती. तवा हिची आई अंथरुणाला खिळली, ही धाकटी दोन वर्साची, गोठ्यात जनावरं. म्या थोरलीला म्हणलं, उद्यापासनं शाळा बंद. तिनं दप्तर खुंटीला अडकावलं आन् भाकरी थापाया बसली. धाकटी शिकली ती तिच्या जीवावर. आजपातूर म्या तिला इचारलं न्हाई, बाई, तुला काय वाटलं...”

मशीन चालू राहिल्याचं तांबोळींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तिथंच आबांना ते ऐकवलं आणि विचारलं, पुसू का? दुसऱ्या कुणीही तेच सीडीत घातलं असतं. नकाशावरच्या एकाही गावाला असा आवाज मिळाला नव्हता. मला मिळालं असतं तर मी घातलंच असतं, हे मी इथे कबूल करते. आबा म्हणाले, “पुसू नगा. शीडीत बी घालू नगा. सुमनला ऐकवा. माझ्यानं बोलवणार न्हाई. आन् धाकटीला यातलं काय सांगू नगा, तिला लागंल.” म्हणून हा माणूस शनिवारी मशीन पिशवीत घालून सणसवाडीला गेला. अक्काचे हात पिठाचे, तर हेडफोन त्यानंच तिच्या कानाला धरला. तिनं दोनदा ऐकलं. मग म्हणाली, “आबांना म्हणावं, जेवाया या.” रविवारी तांबोळी कवठ्याला जाऊन आबांना घेऊन आले आणि सोमवारी परत पोचवून आले, कारण आबांना शिरूरला गाडी बदलायचं जमेना. तिकडे पायरीवर आमची मुलं बसलेली, आणि इकडे हे...

मी अक्कावरच भडकले. मला का सांगितलं नाही? आमच्या घरच्या गोष्टीत हा परका माणूस कशाला? अक्कानं पिठाचा हात थांबवला. “तुला राग कशाचा आला? सरांनी सांगितलं न्हाई त्याचा? का तुला हे ठाऊक न्हवतं, म्हणून?” मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

तांबोळींकडे जाऊन मी तेव्हाच चार शब्द बोलायला हवे होते. गेलेही होते, दोनदा. एकदा त्यांनी चपलांवरून अडवलं. दुसऱ्यांदा मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, रेकॉर्डिंग चालू होतं. मग राहूनच गेलं. पुढे आबा गेले. आबांचा आवाज म्हणून माझ्याकडे उरलं ते ‘हे आमचे गाव असून’. म्हणून दीड महिन्यापूर्वीच्या त्या सोमवारी मी तांबोळींना फोन करून म्हटलं, ते गप्पांचं रेकॉर्डिंग मला द्या. तर हे म्हणतात, “अक्कांना विचारावं लागंल, मॅडम. आबांनी ते अक्कांना दिलंय.” माझ्या वडिलांचा आवाज, आणि परवानगी हा माणूस दुसऱ्याची मागतोय! त्यावरच मी फोन ठेवला.

ते गेल्यावर अक्का आणि मी दौंडला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं, रेहानाभाभींनी, आतून कापडी पिशवी आणून माझ्या हातात दिली. “गुरुवारी तुमच्याकडंच यायला निघाले होते,” म्हणाल्या. आत एक सीडी होती, वर निळ्या पेननं माझं नाव. अक्का म्हणाली, “मला इचारलं व्हतं त्यांनी, मंगळवारी. मी म्हणलं, द्या तिला.” ती सीडी मी अजून लावलेली नाही. लावेन.

परवा कॉलेजनं मला स्टुडिओतल्या सामानाची यादी करायला सांगितली, नवा माणूस येईपर्यंत. मी चपला काढून आत गेले. दार लावून घेतलं की तिथं स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांनी ती आपल्या उंचीप्रमाणे चढवून ठेवलेली, माझे पाय गालिच्याला टेकेनात. खाली घ्यायचा खटका उजव्या हाताशीच होता. त्याच्यावर हात ठेवला... आणि काढून घेतला. पाय अधांतरी सोडून तशीच बसून राहिले थोडा वेळ. मग यादीत ‘खुर्ची, एक, सुस्थितीत’ असं लिहिलं आणि जपून खाली उतरले.