पहिल्याच वेळी हो

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जर्मनीत शिकायला आले, तेव्हा एका छोट्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मला एक दिवस काम करून दाखवायला बोलावलं. काम पसंत पडलं तरच नोकरी मिळणार होती आणि नोकरीशिवाय इथे राहणं मला जमलं नसतं.

दुपारी मालकीणबाईंनी विचारलं, "सूप घेणार?"

मी "नको" म्हटलं. आमच्या भवानी पेठेत पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट ठरतो. त्या पुन्हा आग्रह करतील म्हणून मी थांबले. त्यांनी मान डोलावली आणि समोर बसून एकटीनेच सूप संपवलं.

मागच्या दारात जाऊन मी आईला फोन केला. ती हसत सुटली. "अगं येडे, तितं दुसऱ्यांदा कोण इचारतंय? आता काय बी इचारलं तर आदी व्हय म्हण की!"

संध्याकाळी भांडी आवरल्यावर मालकीणबाई जवळ आल्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मी "हो" म्हणून टाकलं.

त्या हसल्या. "उरलेला पाव घरी नेणार का, एवढंच विचारत होते."

मी लाजत पिशवी घेतली.

"आणि सोमवारपासून कामावर येणार का?"

या वेळी मी प्रश्न शेवटपर्यंत ऐकला. "हो," म्हणाले. मग धीर करून विचारलं, "थोडं सूप शिल्लक आहे का?"