शंभर वेळा क

माझी लेक सहा वर्षांची झाली तरी तिला क म्हणता येत नव्हता. ख, ग, घ ही भावंडंही त्याच वाटेने गेलेली. काकाला ती ताता म्हणायची, गाडीला दाडी आणि खिडकीला थिडती. ती तीन-चार वर्षांची होती तोवर आम्ही सगळे हसायचो. पाहुणे आले की मुद्दाम 'खिडकी म्हण बरं' असं सांगून तिला पुढे करायचो. त्यात राशीचं अक्षर क निघालं म्हणून तिचं नावही आम्ही क वरूनच ठेवलेलं. पहिलीत बाईंनी नाव विचारलं, हिने सांगितलं, आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून घरातलं हसणं बंद झालं.

मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. पहिली बॅच सकाळी सहाला. आमच्या रस्त्याला क्लास, मेस, झेरॉक्स आणि पुन्हा क्लास, एवढंच आहे. इथे एखादी गोष्ट 'येत नाही' यावर कुणाचा विश्वास नसतो. येत नाही म्हणजे केलं नाही. मी पोरांना हेच सांगत आलो की एकदा चुकलं तर दहादा कर आणि दहादा चुकलं तर शंभरदा कर. हे मी कुठून ऐकून सांगत नव्हतो. किल्लारीजवळच्या आमच्या गावात भूकंपाने घरं पडली तेव्हा मी नववीत होतो. पुढची दीड वर्षं पत्र्याच्या शेडात गेली. पुस्तकं ढिगाऱ्याखाली, पाच जणांत एक. ज्याच्या हाती येईल त्याने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. समजलं तर समजलं, पण पाठ झालंच पाहिजे. त्या घोकण्याने मला तिथून बाहेर काढलं. ज्यांना घोकता आलं नाही ते मागे राहिले, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो. त्यात माज होता, हे आता कळतं.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "तुजं भ्या हाय ते. भूकंपात तू लई भ्यालास, ते पोरीत उतरलंय." ती गावाहून येताना वेखंड घेऊन यायची आणि मधात उगाळून नातीच्या जिभेला लावायची. पोरगी तोंड वाकडं करून चाटायची, पण क काही यायचा नाही. एका डॉक्टरांनी जीभ उचलून पाहिली, खालून चिकटलेली नाही म्हणाले. कान तपासले, तेही उत्तम. "येईल हळूहळू," म्हणाले. मला त्या 'हळूहळू'चाच राग. जीभ चांगली, कान चांगले, डोकं माझ्यापेक्षा बरं, मग राहिलं काय? आळस! माझ्या धंद्यात त्याला दुसरं नाव नव्हतं.

मी तिची बॅच सुरू केली. हे गंमत म्हणून लिहीत नाही, मी घरात तोच शब्द वापरायचो. दोनशे पानी वही आणली. सकाळची बॅच संपवून आलो की तिच्या शाळेच्या आधी अर्धा तास. कप, केळं, कमळ, काका. एकेक शब्द दहादा, असे रोज शंभर वेळा. रविवारी टेस्ट, चाळीस शब्दांची, चुकला की लाल फुली. माझी बायको मुरुडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिची एसटी सकाळची. निघता निघता ती म्हणायची, "अहो, ती सहा वर्षांची आहे. तुमच्या क्लासातली नाही." मी म्हणायचो, "तू तुझ्या चौथीचं बघ."

पोरगी गुणी होती. वही स्वतःच आणून ठेवायची. प्रत्येक शब्दाआधी मान पुढे काढायची, गळ्याच्या शिरा ताणायची, डोळे घट्ट मिटायची आणि म्हणायची, "तमळ." मला ते नाटक वाटायचं. आठ रविवार, आठ टेस्ट, आठही वेळा शून्य. इतका ढ विद्यार्थी मला आजवर भेटला नाही, असं मी तिच्यासमोर म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

नवव्या रविवारी चाळीस शब्दांना चाळीस फुल्या मारल्या. शेवटच्या फुलीला ती माझा हात धरून म्हणाली, "म्हटलं ती, पप्पा!" मला वाटलं उलट उत्तर देतेय. "मुद्दाम करायलीस तू," मी ओरडलो आणि तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. वही मिटली, पेन्सिल वहीत ठेवली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने तोंडात गुळणी धरली. आधी फक्त माझ्याशी. स्वयंपाकघरात आईपाशी, आजीपाशी हळू आवाजात काहीबाही चालायचं, माझं पाऊल वाजलं की बंद. मग शाळेतही बोलेना. हजेरीला नुसता हात वर. दिवाळीनंतर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. "सर, वर्गात साठ पोरं आहेत. आम्ही तरी काय करायचं? एकदा मूकबधिर शाळेत विचारून बघा. जूनमध्ये हिला इथे पुढच्या वर्गात घ्यायचं का, ते मग ठरवू." रोज कितीतरी आईबापांना समजावून सांगणारा मी, त्या बाईंना नमस्कार करून बाहेर आलो.

त्या दिवसांत मी तिच्यापुढे गुडघे टेकून बसायचो. काहीही म्हण माय, त म्हण, थ म्हण, पण बोल. सायकल आणून दिली. ती सायकल चालवायची, घंटी वाजवायची, पण बोलायची नाही. एकदा क्लासला जाताना मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि डाळ मिलच्या भिंतीकडे तोंड करून रडलो. मला खात्री वाटायला लागली होती की आपण आपल्याच पोरीचं बोलणं मारून टाकलं. घरात हे कोण बोलणार? बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि आई देव पाण्यात घालून बसली होती.

बायकोच्या शाळेतल्या एका बाईंनी नांदेडचा पत्ता दिला. तिथे बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. साडेतीन-चार तासांची एसटी. पहिल्या खेपेला आम्ही तिघंही गेलो आणि मी ती वही सोबत नेली. किती मेहनत घेतली ते दिसावं म्हणून! मॅडमनी पानं उलटली, लाल फुल्या पाहिल्या, मग विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी."

"आता पुन्हा करू नका," त्या म्हणाल्या आणि वही मला परत दिली.

दोन खेपा त्यांनी पोरीशी नुसता खेळ केला. मग म्हणाल्या, "कानाने ऐकून मला अर्धंच कळतं. आत जीभ काय करते ते बघायचंय. सोनोग्राफी करू." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पोटाची करतात तीच," त्या हसून म्हणाल्या. "हनुवटीखाली धरायची. दुखत नाही." आईला फोनवर सांगितलं तर ती हळूच म्हणाली, "सूनबाईला दिस गेल्यात का रं?"

मशीन मॅडमचं नव्हतं. त्याची नोंद एका सोनोग्राफी सेंटरमधल्या खोलीची होती आणि तिथून ते हलवायला कायद्याने बंदी. तिथले डॉक्टर मंगळवारी दुपारी त्यांना तासभर वापरू द्यायचे. त्या मंगळवारी बायकोला रजा मिळाली नाही, मी एकटाच पोरीला घेऊन गेलो. बाकड्यावर सगळ्या पोटुशा बाया, भिंतीवर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही'ची पाटी. शेजारच्या बाईने विचारलं, "पेशंट आत गेली का हो?"

"पेशंट हीच," मी म्हणालो.

तिने पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून लांब सरकली. खुलासा करायचं त्राण माझ्यात नव्हतं.

आत गेल्यावर मॅडमनी आधी स्वतःच्या हनुवटीखाली जेल लावलं, मशीनचा दांडा तिथे टेकवला आणि 'काका' म्हणाल्या. करड्या पडद्यावर एक पांढरी रेघ मागून उचलली गेली आणि खाली बसली. "ही माझी जीभ," त्या म्हणाल्या. पोरगी एक पाऊल पुढे झाली. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मॅडमनीही ते पाहिलं. "सर, तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आलो आणि दाराला लागून उभा राहिलो. बराच वेळ आतून फक्त मॅडमचा आवाज येत होता. मग दुसरा आवाज आला. "ताता." तीन महिन्यांनी मी माझ्या पोरीचा मोकळा आवाज ऐकत होतो. तेच चुकलेलं 'ताता', ज्याला मी फुली मारायचो. थोड्या वेळाने ती खळखळून हसली. सिस्टर म्हणाल्या, "दारात उभं राहू नका, बसून घ्या." मी बसलो. रडायला येत होतं आणि समोर त्या बाया होत्या, म्हणून पाटी वाचत राहिलो.

अर्ध्या तासाने मला आत बोलावलं. पोरगी टॉवेलने हनुवटी पुसत होती. मला बघून तिने तोंड मिटलं.

मॅडमनी चित्र सावकाश फिरवून दाखवलं. हे जिभेचं टोक, हा मागचा भाग. क म्हणताना मागचा भाग वर जाऊन टाळूला लागतो, त म्हणताना पुढचा दातांना. मग त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. पोरीने म्हटलेल्या शब्दांतल्या जिभेच्या रेघा त्यांनी एकावर एक काढल्या होत्या. त चे दहा शब्द निळ्या रंगात, क चे दहा लाल रंगात. "तुम्ही फिजिक्सवाले. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. आलेख वाचणं हा माझा रोजचा धंदा. पुढच्या बाजूला सगळ्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. मागच्या बाजूला लाल रेघांची जुडी निळ्या रेघांच्या वर होती. थोडीच, पण दहाच्या दहा रेघा वर. एकही खाली आलेली नव्हती.

"पण ऐकायला तर एकसारखंच येतं," मी म्हणालो.

"कानाला एकच येतं. ती मागची जीभ उचलतेय, पण तेव्हाच पुढचीही वर जातेय. दोन्ही भाग वेगळे हलवणं तिला जमत नाही, म्हणून आपल्याला त ऐकू येतो. फरक तिला माहीत आहे, सर. ती क म्हणायलाच जातेय."

"दरवेळी?"

"दरवेळी."

साठेक दिवस, रोज शंभर वेळा. हा गुणाकार करायला मला कागद लागत नाही. सहा हजार वेळा ती क म्हणायला गेली आणि मी तिला आळशी म्हणालो. मी जमिनीवर तिच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "माझं चुकलं माय. तू बरोबर म्हणत होतीस. मलाच ऐकू येत नव्हतं." ती माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. तिला ती रेघ पुन्हा हललेली बघायची होती.

पुढचे कितीतरी मंगळवार बायकोने अर्ध्या पगारी रजा काढून तिला नांदेडला नेलं. पडद्यावर स्वतःची जीभ बघत पोरगी पुढची बाजू खाली ठेवून मागची उचलायला शिकली. मॅडमची माझ्यासाठी एकच अट होती. घरी विचारायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, म्हणवून घ्यायचं नाही. उन्हाळ्यात एका दुपारी नांदेडच्या बसस्टँडवरून बायकोचा फोन आला. "क म्हणाली," एवढंच बोलून तीही रडायला लागली. समोर वर्ग भरलेला होता. मी फळ्याकडे तोंड करून एक सूत्र लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

त्या संध्याकाळी तिने आजीकडे केळं मागितलं. मी बैठकीत होतो. लख्ख क ऐकला. धावत आत गेलो तशी ती गप्प झाली आणि केळं घेऊन बाहेर निघून गेली.

जूनमध्ये शाळेने तिला पुढच्या वर्गात घेतलं. माझ्याशी बोलायला तिला आणखी सात-आठ महिने लागले. आता ती बारावीला आहे, नांदेडला मावशीकडे राहून शिकते. माझ्या क्लासला यायला तिने शांतपणे नकार दिला आणि मी आग्रह केला नाही. मैत्रिणींत ती इतकं बोलते की मावशी कानावर हात ठेवते, आईशी फोन तास तास चालतो. मला फोन करते तेव्हा आधी काही क्षण नुसता श्वास ऐकू येतो. मला वाटायचं, रेंजचा दोष असेल.

मागच्या महिन्यात धीर करून विचारलं, "माझ्याशी बोलताना तू आधी थांबतेस का गं?"

ती थांबली. मग म्हणाली, "आधी मनात एकदा म्हणून बघते, पप्पा. चुकलं तर काय करू?"

शेवटच्या वाक्यात तीन क होते. तिन्ही स्वच्छ.