डाव्या डोळ्याच्या चार ओळी

आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या बनतात. बनलेली प्रत्येक बाटली पट्ट्यावरून सरकत एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून जाते आणि त्या पडद्यासमोर स्टुलावर एक बाई बसलेली असते. तिने बघायचं. काचेत बुडबुडा आहे का, खडा आहे का, तोंडाचा टवका उडालाय का, कुठे केसासारखी चीर आहे का. वाईट असेल ती उचलून मागच्या पिंपात टाकायची, चांगली पुढे जाऊ द्यायची. त्याला आम्ही ‘पास करणं’ म्हणतो. वीस मिनिटं बघायचं, मग डोळ्यांना विसावा म्हणून दहा मिनिटं मागच्या टेबलावर खोकी जुळवायची. बोलणं काय ते त्या दहा मिनिटांत.

मी तिथे सोळा वर्षं काढली. त्यातली अकरा वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर जी बसायची, तिला सगळे भिंग म्हणत. तिच्या नजरेतून चीर सुटायची नाही. पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणलं की साहेब नेमके तिच्यामागे उभे राहायचे. ती मान वळवायची नाही. मुळातच कमी बोलणारी. नवरा माल पोचवायची गाडी चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात सासू आणि एक मुलगी. मुलीला घरात मुंगी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

मुंगी चार वर्षांची असताना तिच्या बालवाडीत डोळे तपासायला माणसं आली. एकेका मुलाच्या डोळ्यावर कागदी कप धरायचा आणि दुसऱ्या डोळ्याने चित्र ओळखायला सांगायचं. मुंगीच्या डाव्या डोळ्यावर कप धरला तर तिने धडाधड सगळं सांगितलं. उजव्यावर धरला तेव्हा ती म्हणाली, “लाइट गेली.”

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासून खूप मोठा. मेंदूने त्या डोळ्याचा नाद सोडला आणि सगळं काम उजव्यावर टाकलं. डोळे दिसायला अगदी सरळ, त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळणार नाही. याला आळशी डोळा म्हणतात. आता चष्मा लावायचा आणि चांगला डोळा रोज सहा तास पट्टी चिकटवून बंद ठेवायचा, म्हणजे आळशाला उठावं लागेल. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंतच हे जमतं, नंतर अवघड.

सासू म्हणाली, आमच्या घराण्यात आजवर कुणी आळशी नव्हतं.

कारखान्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. खोक्यांच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, दिव्याखाली अंधार. सगळ्या हसल्या. ते कुणीतरी म्हणजे मीच. ती पाठमोरी होती, तिने ऐकलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

तेव्हा आम्ही नऊ ते साडेपाचच्या पाळीत होतो. ती सकाळी आठला मुंगीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची, वर चष्मा चढवायची, चष्म्याचं इलॅस्टिक डोक्यामागे अडकवायची आणि निघायची. पट्टी दोनला सासूने काढायची. वापरलेली पट्टी मुंगी कपाटाच्या दारावर चिकटवायची, ओळीने. ही युक्ती डॉक्टरांकडच्या बाईंनी सांगितली होती, मुलांना तेवढीच गंमत. चष्म्याचे हाल तर विचारू नका. काचेवर कायम जॅमची बोटं, एक दांडी वाकडी, आणि एकदा स्क्रू हरवला तो दोन दिवसांनी बुटात सापडला.

तीन महिन्यांनी मायलेकी डॉक्टरांकडे गेल्या. तिथल्या तक्त्यावर चित्रांच्या सहा ओळी असतात, वर मोठ्ठं घर, मग छत्री, बदक अशी लहान लहान होत जाणारी. डाव्या डोळ्याने मुंगीला फक्त घर दिसलं, पहिल्या दिवशी दिसलं होतं तेवढंच. सहा महिन्यांनीही घरच. डॉक्टरांनी विचारलं, पट्टी रोज सहा तास लागते ना? ती म्हणाली, लागते.

त्यानंतर आठवडाभराने तिने सुपरवायझरकडे दुसरी पाळी मागून घेतली, दुपारी दोन ते रात्री दहा. लहान मूल घरात असताना ही पाळी कुणी मागून घेत नाही. माझी पाळी साडेपाचपर्यंत, म्हणजे दुपारी साडेतीन तास आमची स्टुलं अजूनही शेजारी असायची. खोकी जुळवताना मी तिला विचारलं, काय झालं?

तिने खोकं खाली ठेवलं नाही. बोलली तेही बाटल्यांचा आकडा सांगावा तसं. कपाटावरच्या पट्ट्या. सहा तास चामडीवर बसलेली पट्टी घामाने कडेला पिवळी पडते, तिला भुवईचे केस चिकटतात. कपाटावरच्या सहा पट्ट्या स्वच्छ असायच्या, सातवी मळकी. पुन्हा सहा स्वच्छ, सातवी मळकी. मळकी असायची ती तिच्या सुट्टीच्या दिवसाची.

म्हणजे ही घराबाहेर पडली की सासू पट्टी काढायची. पोरीचं चाचपडणं, रडणं म्हातारीला बघवायचं नाही.

मी म्हटलं, बरं झालं निदान आता तरी तुझ्या लक्षात आलं.

“आता नाही गं,” ती म्हणाली. “तिसऱ्या महिन्यातच दिसलं होतं. मी पास केलं.”

दहा मिनिटं संपली आणि आम्ही पडद्यासमोर जाऊन बसलो.

का पास केलं, ते तिने पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. सासूला बोलावं तर ती लेकीकडे निघून जाईल, मग मुंगीला कोण बघणार? आणि संध्याकाळी घरी गेलं की पोर हसत दारात यायची. घर शांत असायचं. दिवसभर काचा बघून आलेल्या बाईला शांत घर हवं असतं, दुसरं काही नाही.

सासूला ती एका शब्दाने बोलली नाही. पाळी बदलली आणि पट्टी आपल्या हातात घेतली. सकाळी सातला लावायची, एकला काढायची. नवऱ्याने इतकंच म्हटलं की बघ, झेपेल तेवढं कर. सासूला पहिल्याच सकाळी सगळं उमगलं. तीन दिवस ती खोलीबाहेर फारशी आली नाही.

मुंगीने घर डोक्यावर घेतलं. पट्टी ओरबाडायची, आईला लाथा मारायची, दाराच्या चौकटीवर आपटायची. एकदा कपाटाच्या उघड्या दारावर तोंड आपटून ओठ फुटला. आईने ओठ धुतला, दात हलतोय का पाहिलं, बर्फ धरला आणि पट्टी तशीच ठेवली. खालच्या मजल्यावरची बाई रडं ऐकून वर आली. पोरीची अवस्था बघून म्हणाली की तुझं काळीज दगडाचं आहे. हिने दार हळूच लावून घेतलं.

एकदा मुंगी तिला म्हणाली, तू वाईट आहेस. ती ‘हो’ म्हणाली आणि चष्मा पुसून परत पोरीच्या नाकावर ठेवला. तुला काय वाटलं गं तेव्हा, असं मी विचारलं. तिने जरा आठवून पाहिलं. “काही नाही वाटलं. नऊ वाजले होते. चार तास उरले होते.”

चौथ्या की पाचव्या दिवशी सासू खोलीतून बाहेर आली. तिने ताटात दोन रंगांची कडधान्यं एकत्र ओतली आणि मुंगीसमोर बैठक मारली. मला मेलीला आता काही दिसत नाही, एवढं निवडून दे, म्हणाली. मुंगी नाक ताटाला लावून एकेक दाणा वेगळा करू लागली. अर्ध्या तासात जेमतेम मूठभर झाले, त्यातलेही निम्मे चुकीचे. सासूने ते गपचूप पुन्हा मिसळले आणि म्हणाली, हे बघ, अजून राहिलेत. त्या दिवसापासून रोज ताट. भिंग स्वयंपाक करता करता घड्याळ बघायची. दोघी सासू-सुना एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या.

वर्षभरात छत्री दिसली. मग बदक. मधेच एकदा बदक दिसेनासं झालं, डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला, पुन्हा दिसलं. दर वेळी मी विचारायची आणि ती नुसता ओळीचा आकडा सांगायची. पेढे वाटावेत असा तिचा चेहरा कधी झाला नाही. मला वाटायचं, हिच्यातलं काहीतरी बंद पडलंय. मग वाटायचं, ते बंद पडलं म्हणूनच हे चाललंय. रोज सकाळी पोराला रडवायला सगळं चालू असलेलं माणूस काय कामाचं?

मुंगी साडेसात वर्षांची झाली तेव्हाच्या तपासणीला सासू पहिल्यांदा बरोबर गेली. बाहेरच्या बाकावर तिघी बसल्या होत्या. मुंगी भिंतीवरची पोस्टर्स वाचत होती. सासू समोर बघतच म्हणाली, “माझ्यामुळे सहा महिने वाया गेले पोरीचे.”

तिने सांगितलं, “आई, मला माहीत होतं. दोघींमुळे गेले.”

सासूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांचा नंबर पुकारला.

डाव्या डोळ्याने मुंगीने चार ओळी वाचल्या. पाचवीत अडकली. डॉक्टर म्हणाले, गेल्या तीन तपासण्या इथेच आहोत, आता यापुढे फारसं काही होणार नाही. चष्मा कायम राहील, पट्टी बंद. तुम्ही चांगली मेहनत घेतलीत, असंही म्हणाले. ते सहा महिने मिळाले असते तर पाचवी ओळ आली असती का, हे तिने विचारलं नाही. सासूनेही विचारलं नाही. बसने घरी आल्या. मुंगीला खिडकी मिळाली, ती दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती, नेहमीसारखी दोन्ही डोळ्यांनी.

पुढच्या महिन्यात भिंग परत पहिल्या पाळीत आली, पण पडद्यासमोर नाही. तिने पॅकिंग मागून घेतलं. साहेबांनी कारण विचारलं तर डोळे दुखतात म्हणाली. तिच्या स्टुलावर एक नवी मुलगी आली, भराभर हात चालवणारी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, आता सकाळी सातला काय करतेस?

“जाग येतेच,” ती म्हणाली. “बसते. आईही उठलेल्या असतात. त्या चहा टाकतात.”

मग काय बोलता, मी विचारलं. काही नाही, म्हणाली. आणि डबा धुवायला उठली.