थकणारा लोलक

लटारू मापारी तबला चांगला वाजवायचा. फक्त शेवटी पळायचा.

वडशाजवळच्या आमच्या गावात किलोचे काटे कधीच आले होते, पण कापणीची मजुरी अजून पायलीनंच मोजून दिली जायची आणि ती पायली लटारूच्या हातात असायची. 'एक' म्हणायचं नाही, म्हणून पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार. खळ्यावर त्याचा तो आवाज गाण्यासारखा चालायचा. दिवाळी झाली, नाटकांचा हंगाम उघडला की हाच माणूस गावोगावच्या मंडपात ऑर्गनच्या शेजारी तबला घेऊन बसायचा.

त्र्याऐंशीच्या हंगामात एका नाचाच्या शेवटच्या अंतऱ्याला तो लय वाढवत असा सुटला, की नाचणाऱ्या सीताबाईला गिरकी सावरेना. ती स्टेजवर मटकन खाली बसली. लोक समजले, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या. सीताबाईच्या डोक्यात मात्र त्या टाळ्या वर्षभर राहिल्या.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑर्गनवाले सोमाजी मास्तर लटारूच्या घरी आले. चहा बशीत ओतत म्हणाले, "लटारूभाऊ, तू तबला वाजवून राह्यला होता का धान मोजून राह्यला होता?"

"तबलाच वाजवला ना जी."

"सीताबाई म्हन्ते, हा बसला त मी नाचत नाई. नागभीडचा इसरू तयारच हाये. दिवाळीच्या तालमीत दोघायलेबी बसवतो. ज्याची लय टिकन, हंगाम त्याचा." मग आवाज उतरवून म्हणाले, "नागपूरले लयीचं घड्याळ भेटते. मेट्रोनोम म्हन्तेत. ते आन न् त्याच्यासंग बस."

मास्तर गेल्यावर रंभा, त्याची बायको, चुलीजवळून म्हणाली, "खळ्यात बी तुमी असेच करता. रास मोठी असली का सावकास. बुड दिसाले लागलं का हात पळते."

 आठ दिवस लटारूची झोप गेली. तबल्याशिवायचा हिवाळा त्याला दिसेचना.

नवव्या दिवशी तो छोट्या गाडीत बसला, नागभीडला गाडी बदलली आणि नागपुरात इतवारीला उतरला. वाद्यांचा दुकानदार म्हातारा होता, टेबलामागे तंबोऱ्याच्या तारा गुंडाळत बसलेला. त्यानं आधी एक बॅटरीवरचा डबा काढला. बोटभर दिवा लुकलुकायचा आणि आत टिकटिक. लटारूनं कानाला लावला.

"उंदीर सुपारी फोडून राह्यला," तो म्हणाला. "तबल्यापुढं हा कोनाले आयकू येईन?"

मग चावीचा नवा मेट्रोनोम निघाला. देवळाच्या कळसासारखी लाकडी पेटी, पुढे लोलकाची दांडी, दांडीवर सरकणारं वजन. वजन खाली घेतलं की जलद, वर घेतलं की विलंबित. आवाज खणखणीत. लटारूनं टेबलावरच बोटांनी केहरवा धरला. तोंडानं सवयीनं लाभ, दोन, तीन, चार. दोन-तीन मिनिटं ठीक चाललं. मग तो पुढे निघून गेला आणि मेट्रोनोम मागे आपला ठकठक करत राहिला.

"भाऊ, तुमी पळाले," दुकानदार म्हणाला.

"मले माहीत हाये. पन याले काईच वाटलं नाई ना." लटारूची नजर कपाटाच्या वर गेली. "तो कोनता?"

"तो नोका घेऊ. जुना हाये. चावी उतरत आली का मंदावते. दुरुस्तीले ठेवला हाये."

"दाखवा त खरं."

रंग उडालेली ती पेटी खाली आली. दुकानदारानं अर्धी चावी दिली. लटारूनं पुन्हा केहरवा धरला. शेवटाकडे हात सुटायला लागला, आणि नेमकी तेव्हाच दांडी जड होऊन रेंगाळली. डोळ्यासमोर ती अशी दमलेली पाहून लटारूचा हात आपोआप मागे आला. त्यानं पुन्हा चावी दिली, पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच.

"हाच द्या," तो म्हणाला.

"अहो, लोक चांगला मागतेत. तुमी चुकीचा निवडून राह्यले."

"चांगल्याले मायी फिकर नाई. म्या मांगं राह्यलो काय, पुढं गेलो काय, तो आपला चालते. हा थकते. गाडीले एक बैल म्हातारा असला का दुसऱ्याले थांबाच लागते."

दुकानदारानं पेटी कागदात गुंडाळली. वरून चावी स्वतः पुसून दिली.

घरची जमीन सारवलेली, उंचसखल. पेटी तिथं ठेवली की दांडी लंगडायची. शेवटी रंभानं पायली पालथी घातली आणि खाली भुशाची चिमूट सारून ती सपाट केली. त्या पायलीवर दोन महिने मेट्रोनोम चालला. अर्धी चावी दिली की गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्याला तो बरोबर थकायचा, आणि लटारू त्याच्यासाठी थांबायचा.

तालीम शाळेच्या व्हरांड्यात, भर दुपारी. इसरू भिंतीला टेकून बसला होता, तबल्याची खोळ मांडीवर. त्याचं आधी झालं. चांगलं झालं. मग लटारू बसला.

"यंत्र कुठी हाये?" मास्तरांनी विचारलं.

"घरी."

सीताबाईनं घुंगरू घट्ट केले, लटारूकडे न बघता. नाच सुरू झाला. शेवटचा अंतरा आला तसे लटारूच्या बोटांना पाय फुटले. त्यानं डोळे मिटले. आत ती म्हातारी दांडी जड व्हायला लागली होती. पळायची हौस आणि थांबायची सवय एकमेकींना धरून राहिल्या, आणि लय जागची हलली नाही. गिरकी संपली, सीताबाईचं पाऊल समेवर पडलं.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुन्हा एकदा घ्या."

लटारूनं मान वर केली. "काऊन बाई? चुकलं का काई?"

"नाई. बरं वाटलं म्हनून."

इसरूनं खोळ बांधली. दुसऱ्यांदा ऐकून मगच उठला. जाताना त्याला ते यंत्र बघायचंच होतं, म्हणून लटारूनं घरी नेलं. इसरूनं चावी दिली, कान देऊन ऐकलं.

"भाऊ, हे त मंद हाये. तुले फसवलं."

"चहा घे," लटारू म्हणाला.

हंगाम त्याचाच झाला. पण सवय मंडपात राहीना, खळ्यातही आली. पौषात मजुरी मोजताना रास सरत आली तरी त्याचा हात पळेना. शेवटची पायलीसुद्धा शिगेला भरून, सावकाश. रांगेतल्या मुखरूनं सूर्याकडे बघून विचारलं, "मापारीभाऊ, आज घरी जाऊ देतं का नाई?"

"जाऊ दे रे, मोजू दे त्याले," पदर पसरून उभी असलेली रुखमाबाई म्हणाली. "मांगच्या साली बुड आलं का अर्धं धान मातीत सांडे. यंदा चिमन्याच उपाशी हायेत."