मोडायच्या आधी देऊळ मोजताना

जुन्या वास्तूंची मॉडेल्स करायला लागल्यापासून आमच्याकडे दोन गोष्टींचा ढीग साठलाय. एक फोटोंचा, दुसरा किश्शांचा. फोटो हार्डडिस्कमध्ये मावतात. किस्से मावत नाहीत, म्हणून ते मी भेटेल त्याला सांगत सुटतो!

आमची टोळी तिघांची. मी महाडला शाळेत चित्रकला शिकवतो. रुपेशचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नात उडवायचा ड्रोन आहे. मनाली सिव्हिलवाली, कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. काम साधं. वास्तूचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढायचे, कॉम्प्युटर ते जोडून मॉडेल करतो, आणि त्याची लिंक आम्ही सगळ्यांना फुकट देतो. मोबाइलवर बोटाने फिरवा आणि बघा. काम आम्हाला उत्तम येतं, उगाच विनय कशाला!

* * *

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत शंकराचं लाकडी देऊळ होतं. वाशांना वाळवी लागलेली, छप्पर गळत होतं. मुंबईकर मंडळींनी ठरवलं, शिमगा झाला की पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं. तिथले गुरव सखाराम काका एक दिवस थेट माझ्या वर्गात येऊन उभे राहिले.

"मोडू दे त्यांना," काका म्हणाले, "पावसात देव भिजतो, त्यांचं काय खोटं नाय. पण माझा जन्म गेला तिथं. जसं हाय तसं राहील असं तुमी करता म्हनं?"

"करतो!" मी म्हणालो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिमग्याला तीन आठवडे होते.

* * *

पहिल्या रविवारी निघालो. वाटेत एका गावात रुपेशला ड्रोन तपासायची हुक्की आली. ड्रोन वर, मनालीच्या हातात टेप, माझ्या हातात वही. पाच मिनिटांत अर्धं गाव गोळा झालं. रस्ता रुंद होणार, ही बातमी आमच्याआधी पुढच्या गावात पोचली असणार.

एक गृहस्थ मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "सायब, माझं घर उजवीकडं. रस्ता डावीकडं सरकवा."

"डावीकडे कोणाचं घर आहे?"

"सख्ख्या भावाचं. त्याला मी समजावतो!"

* * *

आमची आई दर मार्चला चवदार तळ्यावर जाते. कधी चुकवलं नाही. म्हणून सरावाला आम्ही पहिलं मॉडेल तळ्याचंच केलं होतं. पायऱ्या, कठडे, सगळं झकास आलं. फक्त पाणी आलं नाही. पाणी हलतं, चमकतं, त्यामुळे कॉम्प्युटरला ते धरता येत नाही. मधे नुसतं भोक.

मी मोठ्या ऐटीत आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, मॉडेल सगळीकडून फिरवलं.

"पाणी कुठंय रे?"

"ते येत नाही ग आई, टेक्निकल आहे."

"मग काय आणलंस? पायऱ्यांसाठी गेलो होतो का आपण तिथं?"

मनालीने त्याच दिवशी बसून पाणी हाताने भरलं.

* * *

वाडीत पोचलो. मॉडेलला माप कळावं म्हणून काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक पट्टी वास्तूजवळ ठेवावी लागते. ती आम्ही नंदीपुढे ठेवली आणि काकांकडे भाकरी खायला गेलो. परत येतो तो पट्टीवर हळद, कुंकू आणि जास्वंदीचं फूल! नंदीपुढे ठेवलंय म्हणजे देवाचंच असणार, असं बायकांचं सरळ गणित. मग कोण पुसणार? तसेच फोटो काढले.

पुढे लिंक फिरल्यावर कुणा अभ्यासकाचा लांबलचक ईमेल आला. नंदीसमोरच्या त्या पूजित वस्तूचं धार्मिक महत्त्व काय?

मनालीने दोन शब्दांत उत्तर पाठवलं. "दहा सेंटिमीटर."

* * *

त्या दिवशी बाहेरची बाजू झाली आणि उजेड गेला. आतले कोरीव खांब राहिले. पुढच्या रविवारी रुपेशच्या लग्नाच्या ऑर्डरी होत्या, म्हणून शिमग्याआधीचा शेवटचा रविवार ठरला. गेलो, दारातून आत पाहिलं.

सगळे खांब झगझगीत पोपटी! ऑइलपेंट!

"जगभर फोटू जानार ना," वाडीतले लोक कौतुकाने सांगत होते, "मग बरं दिसाया नको?"

पाडायच्या देवळाला पदरमोड करून रंग दिला होता बिचाऱ्यांनी. पण चकाकणाऱ्या वस्तूचं मॉडेल होत नाही, वितळल्यासारखं दिसतं. परवा होळी, मग कुदळ.

"चकाकी घालवायला काही पावडर लागेल," मनाली म्हणाली, "इथे कुठून आणू?"

काका उठले, चुलीतली राख चाळणीने चाळून आणली आणि फडक्याने पहिल्या खांबाला फासायला लागले.

"काका, देवळाला राख?"

"शंकराचं देऊळ हाय. त्याला राख नाय तर काय पावडर लावनार?"

दुपारपर्यंत अख्खी वाडी खांबांना राख फासत होती. मॉडेल असं आलं की खांबावरच्या मोराची पिसं मोजावीत!

* * *

लिंक सगळ्यांना देणार म्हटल्यावर मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष फोनवर तापले. "फ्री? मग लोक घरी बसून दर्शन घेतील. गावाला कोण येणार?"

फोन स्पीकरवर होता, काकाही वाडीवरून त्याच कॉलवर होते. काका शांतपणे म्हणाले, "आता कोन येतंय?"

लिंक त्याच दिवशी खुली झाली.

* * *

पावसाच्या आधी आम्ही पुन्हा गेलो. जुनं देऊळ गेलं होतं. जोत्याच्या जागी सळ्या उभ्या, देव बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये. काका तिथेच एका दगडावर बसले होते. त्यांनी मॉडेल अजून पाहिलं नव्हतं. त्यांच्या फोनला नुसती बटणं.

रुपेशने आपला मोबाइल पुढे केला. काकांनी हात धोतराला पुसले, पायातल्या वहाणा काढल्या आणि मग फोन हातात घेतला. पडद्यावरच्या दारापाशी थांबून नमस्कार केला. मग बोट टेकवून देऊळ सावकाश फिरवायला लागले. दक्षिणेची भिंत गेली, पाठीमागची गेली. उत्तरेला अभिषेकाचं पाणी बाहेर पडायची दगडी पन्हळ दिसली, आणि बोट थांबलं.

बराच वेळ बोट हलेना. रुपेशला वाटलं, फोन हँग झाला. त्याने पुढे ढकलायला हात घातला.

काकांनी फटकन त्याच्या हातावर चापट मारली.

"वलांडतोस काय? पन्हळ हाय तिथं."

आणि बोट आल्या वाटेने मागे फिरलं.