फुलानंतर येणारं पान

प्रा. सुमन तायडे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तायडेबाई, मला पहिल्यांदा भेटल्या त्या अमरावतीच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला. प्रत्येकानं आपल्या गावाकडची एक वनस्पती आणायची होती. मी वरूडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आंब्याला जाड मुळ्यांचा एक झुपका लटकलेला असायचा. घरी सगळे त्याला बांडगूळ समजत. मी तो विळ्यानं खरवडून काढला, पिशवीत कोंबला आणि मोठ्या ऐटीत बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. झाडाचा रस पिणारा शत्रू पकडून आणल्याचा आव माझ्या चेहऱ्यावर असणार.

बाईंनी तो झुपका उलटापालटा करून पाहिला. आंब्याच्या सालीत एकही मूळ शिरलेलं नव्हतं, सगळी नुसती वरून बिलगलेली होती, हे त्यांनी मला बोटानं दाखवलं. वर्गात बाई शुद्ध बोलत, पण माझं तोंड उतरलेलं पाहून त्या गावच्या बोलीवर आल्या. "हे कोनाचं काई खात नाई रे. निसतं बसाले जागा मांगते." मग म्हणाल्या, रविवारी परत बांधू.

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. पण रविवारी बाई खरोखरच एसटीनं वरूडला आल्या. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या त्यांनी घरूनच आणल्या होत्या. आमच्या वडिलांची तारांबळ उडाली. कॉलेजातल्या मॅडम, आणि त्या शिडीवर चढून आंब्याला चिंध्या बांधताहेत. ते ऑर्किड आहे, याच कुळातली काही फुलं मोठ्या शहरात महाग विकली जातात, हे कळल्यावर तर वडील त्या झुपक्याशी जरा अदबीनंच वागू लागले. पुढच्या उन्हाळ्यात त्याला नवी मुळं फुटली. काढलेलं जिथलं तिथं परत नेऊन ठेवायचं, ही बाईंची पहिली शिकवण मला अशी मिळाली.

बाई चांदूर बाजारच्या. वडील बाजारात हमाली करत, आई निंदायला जायची. निंदता निंदता प्रत्येक तणाचं नाव, त्याचा वास, ते कोणत्या दुखण्यावर चालतं, हे सगळं आईला माहीत असे, आणि आपली पहिली प्रयोगशाळा म्हणजे आईच्या मागची ती सरी, असं बाई अभिमानानं सांगत. घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणाऱ्या त्या पहिल्या. म्हणूनच असेल, माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या पोरांची लॅटिन नावांपुढे उडणारी दाणादाण त्यांना आमच्याआधी दिसायची. प्रात्यक्षिक संपलं की त्या मला थांबवून घेत आणि ती लांबलचक नावं देवनागरीत लिहून, तोडून तोडून, म्हणवून घेत. ती वही अजून माझ्याजवळ आहे. आज मी अकोल्यात शिकवतो ते त्या वहीच्या जिवावर.

बाईंचा खरा जीव ऑर्किडवर. त्यांच्या तासाला एकदा त्यांनी वाळलेलं बोंड तळहातावर फोडलं आणि हलकीच फुंकर मारली. पिठाहून बारीक अशी भुकटी उडाली. ते सगळं बी होतं. हरभऱ्याचं बी घ्या, ज्वारीचं घ्या, त्याच्यासोबत आईनं शिदोरी बांधून दिलेली असते. ऑर्किडचं बी मात्र रिकाम्या हातानं निघतं, असं त्या म्हणाल्या. त्याला मातीत किंवा सालीवर एक ठरावीक बुरशी भेटली तरच ते जगतं, नाहीतर तिथंच संपतं. भेटलीच, तरी फूल यायला कित्येक वर्षं. त्या फुलाला फळ धरायचं तर नेमका कीटक यायला हवा, आणि बऱ्याच जातींच्या फुलांत तर त्या बिचाऱ्याला द्यायला मधही नसतो, नुसता देखावा करून बोलावलेलं असतं. इतक्या अडचणींचा संसार कुणी करतं का, असं विचारून बाई हसत. आम्हीही हसायचो. ते हसू आता आठवलं की मला फार वाईट वाटतं.

कारण मला आज जे लिहायचं आहे ते कौतुकाचं नाही. संपादकांनी बाईंच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, लिहीन तर ते लिहीन, नाहीतर काहीच लिहिणार नाही. बाई म्हणाल्या, "लिहाचं तं लिही. पन झाडाचं नाव नको, अन् ठिकान तं नकोच." म्हणून वाचकांनी या दोन गोष्टी मला विचारू नयेत.

मेळघाटात एका उतारावर जमिनीतून उगवणारं एक ऑर्किड होतं. वर्षातले बहुतेक महिने मातीखाली नुसता कंद. आषाढात एक फूल वर येतं, तेवढंच. ते सुकून गेल्यावर मग एकच पान येतं, आणि पावसाळा सरला की तेही जातं. बाईंना ते सापडलं तेव्हा त्या तरुण होत्या, आणि तिथं दरवर्षी जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. ऑर्किडच्या बाबतीत बाईंची एक रीत होती. त्या अख्खं झाड कधी उपटत नसत. एक फूल, एक पान आणि बाकी चित्र. नमुन्याच्या कागदावर ठिकाणाच्या रकान्यात फक्त तालुका लिहीत. माझ्या मनाला हे पटत नसे. ठिकाण नसलेली नोंद म्हणजे अर्धवट शास्त्र, असं मी नवाकोरा संशोधक त्यांना सुनावतही असे.

पुढे कॉलेजनं जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी छापायची ठरवली. काम माझ्याकडे, मार्गदर्शन बाईंचं. मी या ऑर्किडचं गाव, नाला, नाल्यावरच्या पुलापासून किती पावलं, सगळं सविस्तर लिहिलं. बाईंनी पेन्सिलीनं ते खोडलं आणि बाजूला 'तालुका पुरे' असं लिहिलं. शेवटचं मुद्रित तपासायला माझ्याकडे आलं तेव्हा मी ती ओळ परत घातली. बाईंना सांगितलं नाही. पुस्तिका छापून आल्यावर मी ती घेऊन मित्रांमध्ये मिरवलोदेखील.

पुढच्या आषाढात आम्ही दोघं उतारावर गेलो. वाट दाखवायला नेहमीप्रमाणे बाबूलाल कासदेकर होते, जंगलात आयुष्य काढलेले कोरकू गृहस्थ. उतारावर सगळीकडे कुदळीचे खड्डे होते. बाहेरची माणसं जीप घेऊन आली होती, औषधाला म्हणून कंद पोत्यात भरून घेऊन गेली, असं बाबूलालभाऊंनी सांगितलं. त्या माणसांच्या हातात छापील पानाची झेरॉक्स होती आणि त्यांनी याच नाल्याचं नाव विचारलं होतं. बाई खाली बसल्या आणि एका खड्ड्यात हात घालून माती चाचपू लागल्या, एखादा तुकडा राहिला असेल म्हणून. काही मिळालं नाही. परतवाड्यापर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चौकशी झाली. कॉलेजच्या बैठकीत विचारलं गेलं की हे ठिकाण छापायला कुणी दिलं. मी बाईंच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. मी तोंड उघडण्याआधी, खरं सांगायचं तर तोंड उघडायचं धाडस मला होत नव्हतं तेव्हा, बाई म्हणाल्या, "मार्गदर्शक मी आहे. त्यात छापलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी माझी." आणि मी मान खाली घालून बसून राहिलो. बाईंना नमुने गोळा करायची वनखात्याची परवानगी पुन्हा मिळाली नाही. मेळघाटातल्या ऑर्किडवरचं त्यांचं पुस्तक अर्ध्यावर थांबलं. ती हस्तलिखितं आजही त्यांच्या कपाटात आहेत. त्याच वर्षी मला अकोल्यात नोकरी लागली. बाईंनी माझ्यासाठी शिफारसपत्र दिलं होतं, आणि त्यात मी काटेकोर असल्याचं लिहिलं होतं.

आपल्यापैकी कित्येकांनी त्या काळात बाईंना निष्काळजी म्हटलं. ते मी ऐकलं आणि तेव्हाही गप्प राहिलो. आज सगळ्यांसमोर सांगतो: ती ओळ माझी होती.

बाईंनी आशा मात्र सोडली नाही. असा कंद कधीकधी वर्षानुवर्षं मातीत निजून राहतो, वर येतच नाही. एखादा बारका कंद कुदळीतून सुटला असेल, किंवा आधीच्या वर्षी उडालेल्या भुकटीतलं एखादं बी कुठं रुजलं असेल. त्यामुळे ते गेलं असं कुणालाच ठामपणे म्हणता येत नाही. बाई दर आषाढात जात राहिल्या, निवृत्तीनंतरही. गुडघे थकले तेव्हा त्यांनी मला जायला सांगितलं. मी अकोल्याहून जाऊ लागलो आणि दरवर्षी येऊन 'नाही' म्हणू लागलो.

गेल्या वर्षी बाईंच्या काचबिंदूनं बळ धरलं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी आषाढात उतारावर जाऊन आलो, तिथं काहीच नव्हतं. बाई दाराशी खुर्ची टाकून वाट पाहत होत्या. पावलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि मान वर केली. ती मान पाहून माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, बाई, आलं. एकच फूल आहे, खाली हिरवंगार पान.

बाईंचा चेहरा असा उजळला की तसा मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी माझा हात धरला. मग तो हळूहळू सैल झाला.

"पान बी होतं?"

मी हो म्हणालो.

"फूल असल्यावर त्याले पान नसते, पोरा. तुले मीच शिकोलं."

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माह्यासाठी फूल उगवू नको. नसन, तं नाई म्हन." मग त्यांनी सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी पोहोचेपर्यंत मी रडत होतो. बैठकीत गप्प बसलो ते भीतीनं. हे खोटं मायेनं बोललो होतो, पण दोन्ही वेळा मी बाईंना फसवलंच.

या वर्षी पुन्हा गेलो. बाबूलालभाऊ आता काठी टेकत चालतात, तरी आले. दोघांनी मिळून नाल्यापासून माथ्यापर्यंतचा सगळा उतार पाहिला, गवत हातानं बाजूला सारून पाहिला. परत आल्यावर बाईंना म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं, नीट पाहिलं का? नीट पाहिलं म्हणालो. "बरं," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाहू." आणि मग माझ्या विद्यार्थ्यांची, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत बसल्या.

पंचाहत्तराव्या वर्षी बाईंना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, आपण सगळे शुभेच्छा देऊ. माझी शुभेच्छा थोडी स्वार्थी आहे. मातीतलं ते झाड त्याच्या वेळेनं येईल, त्याला घाई करता येत नाही. तेव्हा एखाद्या आषाढात बाईंच्या दाराशी उभं राहून मला खोटं न बोलता 'हो' म्हणता यावं, इतकं लांब आणि निरोगी आयुष्य तायडेबाईंना लाभो.